सायकल-चौकात उलटी वळलेली मुलगी

धडाम्! सिनेमात होतं तसं काही नाही हं. यारित्साचं कोपर सोलवटलं, समोरून आलेल्या मुलाच्या खिशातले बेदाणे रस्ताभर सांडले आणि युनिव्हर्सिटीच्या गोल सायकल-चौकात, जानेवारीच्या त्या दाट धुक्यात दोन सायकली एकमेकींत अडकून पडल्या.

"अगं बाई, चौकात उजवीकडून वळतात! नवीन आहेस का?"

आता इथे खरं सांगून मोकळं व्हायचं ना? पण अंगात युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट, जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला... आणि समोर तो, भुवयांवर धुक्याचे थेंब घेऊन हसणारा.

"नवीन कशाला? तिसरं वर्ष. इतिहास."

झालं! तोंडातून गेलं ते गेलंच.

खरं तर यारित्सा शिकत होती गावाबाहेर, टोमॅटोच्या शेतांना लागून असलेल्या कम्युनिटी कॉलेजात. दोन वर्षं तिथे कमी फीमध्ये काढायची, मार्क मिळवायचे आणि मग थेट युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षात. अर्ज गेला होता, उत्तर एप्रिलमध्ये येणार होतं. अर्धं गाव असंच शिकतं. पण शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या की विचारायच्या, "तू अजून तिथेच?" आणि ते 'तिथेच' तिच्या मनात रुतून बसलं होतं.

त्याचं नाव वार्तान. घरी, दूर फ्रेझ्नो गावी, द्राक्षांचे मळे, इथे लायब्ररीच्या काउंटरवर नोकरी. मग काय, यारित्साला लायब्ररीत रोजच काम निघायला लागलं!

"काय लिहितेयस एवढं?"

"टोमॅटोच्या कारखान्यातल्या बायकांचा संप. माझी आजी होती त्यात."

"मग आजीसारखा तूही संप कर. अर्धा तास. माझ्याबरोबर कॉफी."

"मागण्या काय?"

"एकच... उद्या परत यायचं."

ती हसायची आणि घरी जाताना स्वेटशर्ट काढून पिशवीत कोंबायची. एकदा तर ती बोलून गेली, "मेमध्ये सेमिस्टर संपलं की निवांत." सेमिस्टर तिच्या कॉलेजात! युनिव्हर्सिटीत तीन-तीन महिन्यांची सत्रं असतात आणि वर्ष संपतं जूनमध्ये! वार्तानने नुसते तिच्या हातावर चार बेदाणे ठेवले.

आणि मग तो मंगळवार.

दोघं लायब्ररीशेजारच्या कॅफेत बसली होती. एवढ्यात पाठीमागून हाक आली, "यारित्सा! बरी भेटलीस गं!"

टटलबाई! कॉलेजातल्या तिच्या इतिहासाच्या बाई. तीन गावांतल्या तीन कॉलेजांत शिकवणाऱ्या, जेवण गाडीत करणाऱ्या. तिच्या अर्जातला निबंध त्यांनी चार वेळा तपासला होता. आता हातात दोन जाड पुस्तकं होती.

"ही बघ, संपावरची. माझ्या कार्डावर घेतली तुझ्या—"

वार्तान बघत होता.

"तुमची... काहीतरी चूक होतेय. मी तुम्हाला ओळखत नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वेटशर्टकडे, मग वार्तानकडे.

"हो का?" त्या हळूच म्हणाल्या. "माफ कर हं, पोरी. चष्मा बदलायला झालाय."

आणि गेल्या. पुस्तकं छातीशी धरून.

हे जास्त लागलं! चारचौघांत झापलं असतं तर परवडलं असतं. बाईंनी तर तिचं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

"दर मंगळवारी येतात त्या," वार्तान कपाकडे बघत म्हणाला. "'माझ्या कॉलेजातली एक पोरगी कारखान्याच्या संपावर लिहितेय, काय लिहिते म्हणून सांगू!' असं काउंटरवर सगळ्यांना सांगतात."

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. तू सांगशील म्हणून थांबलो होतो. कॉलेज कुठलं, याने मला काय फरक पडतो गं? पण आत्ता जे केलंस ना... ते नाही आवडलं."

ती उठली आणि धावत सुटली. पार्किंगच्या टोकाला बाईंची जुनी गाडी होती, मागच्या सीटवर पेपरांचे गठ्ठे. तिने काचेवर टकटक केली.

"बाई... मला लाज वाटली. तुमची नाही हो, कॉलेजची... नाही, तेही नाही. माझीच. आणि आता तर—"

बाईंनी काच खाली केली. डोळे लाल होते.

"लागलं मला. ते एकदम जाणार नाही." त्यांनी चष्मा पुसला. "पण गुरुवारी तासाला ये. निबंधातला तिसरा परिच्छेद अजून लंगडा आहे."

आणि पुस्तकं तिच्या हातात दिली!

पाठीमागे वार्तान तिची सायकल धरून उभा होता. यारित्साचे गाल पेटलेले, नाक वाहत होतं, बाई बघत होत्या. तरीही ती बोलली.

"वार्तान, या टटलबाई. माझ्या बाई. मी यांच्याकडे शिकते, कम्युनिटी कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. युनिव्हर्सिटीत घेतील की नाही, माहीत नाही. आणि... तू मला आवडतोस. हे तेवढं पहिल्या दिवसापासून खरं होतं."

"बरं झालं," बाई गाडी सुरू करत म्हणाल्या, "एक तरी गोष्ट वेळेवर सांगितलीस."

वार्तान हसला नाही लगेच. मग खिशात हात घालून त्याने बेदाणे काढले, तिच्या हातावर ठेवले आणि या वेळी हात मागे घेतला नाही.

"गुरुवारी तुझा तास किती वाजता सुटतो?" त्याने विचारलं. "मी येतो तिथे. तुमचा चौक कुठून वळायचा, ते मात्र तू सांग."