चार नंबरची टाकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो आमचा प्रसन्न बावीस वर्षं जहाजांवरचा इंजिनिअर आहे. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारा माणूस. तो खोटं सांगणार नाही.

गेल्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन. सिंगापूरचं एक रिपेअर यार्ड; प्रसन्न हल्ली तिथेच जहाजांच्या दुरुस्तीचं काम बघतो.

लख्ख ऊन होतं.

जहाज जुनं होतं. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ते तिथल्या एका बंदरात अडकून पडलं होतं. पुढे विकलं गेलं, नाव बदललं, रंग बदलला. जुन्या खलाशांपैकी फक्त युक्रेनी बोसन राहिला होता, म्हणजे डेकवरचा मुकादम.

चार नंबरच्या बॅलास्ट टाकीचं काम संपलं होतं. जहाज स्थिर राहावं म्हणून समुद्राचं पाणी भरतात, ती ही टाकी. आता झाकण लावायचं आणि पाणी भरायचं. पहाटे जहाज सुटणार होतं.

झाकण लागलं की प्रसन्न त्यावर पान्याने तीन ठोके मारतो. त्याच्या पहिल्या चीफ इंजिनिअरने लावलेली सवय. चुकून कोणी आत राहिलंच, तर तो उलट ठोके देईल.

बावीस वर्षांत कधी उत्तर आलं नव्हतं.

त्याने ठोकलं. पाना खिशात टाकला...

ठक... ठक... ठक.

आतून.

"वरुण, आत कोण राहिलंय?" तो ओरडला.

ज्युनिअर इंजिनिअर वरुणने घाईघाईने नावांचा फळा पाहिला. "सर, फोर इन, फोर आऊट. सगळे इथेच उभे आहेत की!"

झाकण उघडलं. प्रसन्न स्वतः आत उतरला. टॉर्चने कोपरा न् कोपरा पाहिला. कोरडं लोखंड, दुसरं काही नाही.

परत झाकण. परत तीन ठोके.

या वेळी उत्तर लगेच आलं... आणि थांबेचना.

बऱ्याच वेळाने ठोके बंद पडले.

बोसन मागे सरकला. त्याने छातीवर क्रूस काढला आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागला. बंदरावर बॉम्ब पडायचे तेव्हा धक्क्यावरची माणसं लपायला जहाजावर यायची. रिकाम्या टाक्यांतसुद्धा उतरायची. एक दिवस अचानक निघायची परवानगी मिळाली. सगळ्यांना उतरायला सांगितलं आणि टाक्या भरल्या.

"झाकणं वाजवून पाहिली होतीत?" प्रसन्नने विचारलं.

बोसनने मान खाली घातली. "नंतर ही टाकी उघडली. कोणी नव्हतं. फक्त पंपाच्या जाळीत एक लोकरीची टोपी."

तेवढ्यात ऑफिसातून त्याच्या साहेबाचा, संजीवचा फोन. "प्रसन्न, डिले कसला आहे?"

काय सांगणार?

"भरा," प्रसन्न पंपवाल्यांना म्हणाला.

पंप सुरू झाला. आणि ठोके परत सुरू झाले...

आधी खूप खालून. मग मधून. पाणी चढेल तसे ठोके वर येत होते.

"थांबवा! पंप थांबवा!"

पंप थांबला. ठोकेही थांबले. झाकण उघडलं... अर्धी टाकी काळं पाणी. त्यावर साधा तरंगही नव्हता.

आत कोणी नाही, हे प्रसन्नने स्वतः पाहिलं होतं. फोन पुन्हा वाजत होता.

झाकण लागलं. तो दुसऱ्यांदा म्हणाला, "भरा."

शेवटचे ठोके थेट त्याच्या बुटांखाली बसले. मग टाकी भरली आणि सगळं शांत झालं.

त्याने काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली.

सिंगापुरातच पासिर रिसला राहतो तो; घरी आल्यावर त्याने बायकोला, उल्काला, सगळं सांगितलं.

"आत कोणी नव्हतं, तर पंप थांबवलास कशाला?" ती म्हणाली. "आणि थांबवला होतास, तर परत चालू का केलास रे?"



जहाजाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते अजून चालू आहे. आणि बॅलास्टची टाकी काही एकदाच भरत नाहीत हो... माल चढला की रिकामी करतात, माल उतरला की परत भरतात.

दर फेरीला.