ड्रायव्हरकडचा कोपरा

"वहिनी, गेली," मिस्त्री फोनवर म्हणाला. "तिसरीपण गेली."

काचवाल्या वहिनींनी फोन कानापासून जरा लांब धरला. जणू बातमी कमी ऐकू आली असती, तर काचही कमी तडकली असती.

"कुठून तडकली?"

"तिथूनच. ड्रायव्हरकडचा खालचा कोपरा."

दुकानाच्या आतल्या बाजूला त्यांचा नवरा कापायच्या टेबलापाशी उभा होता. त्याने हातातलं कटर कापडात गुंडाळून ठेवलं आणि बाहेर काउंटरवर येऊन बसला.

"मी आता इथेच बसणार. कापायला दुसरं कोणी बघ."

"अहो, निम्म्या शहराच्या खिडक्यांत तुमच्या काचा आहेत."

"खिडकी सरळ असते. तिथे हात थरथरला तरी चालतं."

हे थरथरण्याचं दुसरी काच तडकल्यावर गॅरेजमध्ये कोणीतरी बोललं होतं, आणि बोललेलं चालत चालत दुकानात आलं होतं. तेव्हापासून नवरा पाण्याचा पेला उचलायचा आणि पिण्याऐवजी पाणी हलतंय का ते बघत बसायचा. त्याच्या हातून काच कापली गेली नसती, तरी दुकान राहिलं असतं. नवरा राहिला नसता, एवढं वहिनींना कळत होतं.

राग नेमका कोणाचा आलाय हे त्यांना ठरवता येईना. नवऱ्याचा, मिस्त्रीचा, की त्यांच्याही जन्माआधीच्या त्या गाडीचा? त्यांनी चपला घातल्या. वाटेत ठरवू.

गॅरेजमध्ये गाडी मधोमध उभी होती. गडद हिरवी, गोल गुबगुबीत मडगार्डांची, लाडावलेल्या म्हातारीसारखी. इंजिन तयार, रंग तयार, सीट तयार. फक्त समोरची काच बसली की झालं, असं मिस्त्री कितीतरी दिवस म्हणत होता.

वहिनींनी काचेवरून अंगठा फिरवला. दगड लागला असता तर खड्डा पडला असता आणि त्याभोवती जाळं. इथे खड्डा नव्हता. केसासारखी रेघ कडेच्या रबरातून निघून तिरपी वर गेली होती.

"मिस्त्री, काच बसवता कशी ते सांगा."

"तुम्हाला ठाऊक आहे की."

"ठाऊक असलेलंच सांगा."

मिस्त्रीने उसासा सोडला. "काचेला सगळीकडून रबर चढवतो. रबराच्या खाचेत दोरी भरतो. साबणाचं पाणी मारतो. मग मी बाहेरून दोन्ही हातांनी काच चौकटीवर दाबून धरतो आणि आतला माणूस दोरी ओढतो. दोरी निघते तशी रबराची कड आतून पत्र्यावर चढत जाते. पलीकडच्या टोकाला सुरुवात, स्टिअरिंगपाशी शेवट."

"आतला माणूस कोण?"

"आबा. गाडीचे मालक. माझ्या गाडीत मीच बसणार म्हणतात. तिन्ही वेळा तेच."

"आणि त्या कोपऱ्यात वेल्डिंग कोणी केलं?"

मिस्त्री गाडीऐवजी जमिनीकडे बघायला लागला. "मीच. गंज होता. पण घासून साफ केलंय. वहिनी, तुमचा माझ्यावर संशय आहे?"

"माझा सगळ्यांवर आहे. तुम्ही फक्त समोर सापडलात."

"दोन्ही वेळा काच निघाल्यावर मी चौकटीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. म्हणून तर..." तो थांबला.

"म्हणून ह्यांच्या हातावर आलात. हे थरथरण्याचं कोणी काढलं?"

"आबा म्हणाले. वाईट हेतूने नव्हे हो."

"तडकलेली काच काढतं कोण?"

"तीपण आबाच. सकाळी येतात, हातमोजे घालतात, ब्लेडने रबर कापतात. माझ्याकडे दहा गाड्या असतात, मला तेवढीच मदत. उद्या येतील."

"जुनी काच का बदलली? ती तर तडकली नव्हती."

"धुरकट झालीये म्हणाले, समोरचं दिसत नाही. मला बरी वाटत होती. काढताना कोपरा उडाला तिचा. ती बघा, भिंतीशी आहे."

वहिनींनी पदराने जुन्या काचेवरची धूळ पुसली आणि तिच्यातून पलीकडे पाहिलं. वायपरचे चार ओरखडे होते. बाकी समोरच्या कॅलेंडरवरचा आकडान्‌ आकडा वाचता येत होता.

"नव्या काचेवर वायपर का नाही लावले?"

"त्यांच्या नटाखालची एक चकती, वॉशर, सापडत नाही. डॅशबोर्डवरच्या वाटीत ठेवले होते. कंटाळा आलाय मला ह्या गाडीचा, खरं सांगतो."

"उद्या मी येईपर्यंत काचेला कोणी हात लावायचा नाही. आबांनीसुद्धा."

आबांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. वहिनींनी बेल वाजवली. दार उघडून आबा म्हणाले, "किल्ली विसरलीस वाटतं? ये."

"मी काचवाली, आबा."

"अरे, या या." ते मोकळेपणी हसले. "पाठीमागे ऊन आहे ना, ओळखलंच नाही."

माणूस गोड होता. हेच वहिनींना सोसवेना. भांडायला यावं आणि समोरच्याने पंखा लावून द्यावा.

"आबा, काल काच बसल्यावर काय काय झालं?"

"काही नाही. गाडी जॅकवरून उतरवली, दारं लावून बघितली. संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती."

"आणि सकाळी?"

"सकाळी रेघ. बाई, मी तुम्हाला दोष देत नाही. हात थकतो माणसाचा."

"ह्यांचा हात थकलाय हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मिस्त्रीच म्हणाला असेल." आबांनी कप टेबलावर ठेवला. ठेवण्याआधी दुसऱ्या हाताची बोटं टेबलाच्या कडेपर्यंत हलकेच जाऊन आली.

तेवढ्यात आबांच्या सूनबाई बाजारातून आल्या. वहिनी निघाल्या तेव्हा त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लवकर करा हो काहीतरी. गाडी झाली की आबा स्वतः चालवत आम्हाला सगळ्यांना फिरवणार आहेत. मुलांनी खिडकीच्या जागा वाटून घेतल्यात. रोज भांडणं."

"आबा घरची साधी गाडी चालवतात की नाही?"

"पूर्वी चालवायचे. वर्ष झालं हात लावला नाही. नव्या गाडीने हात बिघडतो म्हणतात."

"रेघ आधी कोणाला दिसली?"

"मलाच. मी गॅरेजमध्ये चहा घेऊन गेले तर आबा स्टिअरिंगवर बसलेले. म्हटलं, ही रेघ कसली? म्हणाले, कुठली? मग म्हणाले, हां हां, तीच बघत होतो."

"तुम्हाला ही गाडी आवडते?"

सूनबाईंनी मागे वळून दार बंद आहे ना ते पाहिलं. "मला तिचं नाव काढलेलंसुद्धा नको झालंय. पण म्हणून मी दगड मारीन असं वाटतं का तुम्हाला?"

"दगड कोणी मारलेलाच नाही," वहिनी म्हणाल्या.

घरी नवरा जेवला नव्हता. समोर पाण्याचा पेला भरलेला होता आणि तो त्याकडे बघत होता. वहिनींनी पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर गॅरेजला चला."

"मी नाही येणार. काय तोंड घेऊन येऊ?"

"आहे तेच घेऊन या. काच उचलायला माणूस लागेल."

सकाळी नवरा आला, पण गॅरेजच्या दारातच उभा राहिला, दुसऱ्याच्या लग्नात आगंतुक आल्यासारखा. थोड्या वेळाने आबा आले. सूनबाई मागोमाग. आबांनी खिशातून हातमोजे काढले.

"ते आज राहू द्या, आबा," वहिनी म्हणाल्या. "रबर मिस्त्री कापतील."

"ते माझं काम आहे."

"म्हणूनच. मिस्त्री, आतून कापा. ड्रायव्हरच्या कोपऱ्यापासून."

"वेल्डिंग बघायचं असेल तर..." मिस्त्री पुटपुटत आत शिरला. ब्लेड रबरात गेलं. हातभर रबर सुटलं, आणि टिंग असा आवाज करत काहीतरी डॅशबोर्डवर पडलं.

मिस्त्रीने ते उचलून दोन बोटांत धरलं.

"हा तर माझा वायपरचा वॉशर."

"रबर आणि पत्रा यांच्या मध्ये होता," वहिनी म्हणाल्या. "काचेला कडेशी टणक काही टेकलेलं चालत नाही. गाडी जॅकवरून उतरली, दारं आपटली, पत्रा जरासा पिळला, की सगळा दाब त्याच एका ठिकाणी. मग तिथून रेघ निघणारच. कोणीही कापलेली असो."

दारातला नवरा एक पाऊल आत आला.

"मिस्त्रीची वस्तू, मिस्त्रीची चौकट," आबा म्हणाले. आवाज शांत होता. "माझ्याकडे का बघताय?"

"मलाही आधी मिस्त्रींचाच संशय आला. पण ते बाहेरून दोन्ही हातांनी काच दाबत असतात. रबराची कड आतून चढते. दोरी शेवटी निघते ती स्टिअरिंगपाशी, म्हणजे आतल्या माणसाच्या हाताखाली. आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनी बोट फिरवलं तेव्हा चौकट गुळगुळीत होती. म्हणजे त्यांच्या आधी कोणीतरी वॉशर काढून घेतला होता. ठेवायला आणि काढायला, दोन्हीला फक्त एकच माणूस होता."

"पण आबा स्वतःची गाडी कशाला अडवतील?" सूनबाई म्हणाल्या. "त्यांचा जीव आहे तिच्यात."

"रात्रभर मीपण तेच घोकत होते. मग वाटलं, काच नाही म्हणून काय होत नाहीये? गाडी रस्त्यावर येत नाहीये. आणि गाडी रस्त्यावर आली की ती कोण चालवणार हे आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय." वहिनी आबांकडे वळल्या. "जुनी काच धुरकट नव्हती, आबा. मी तिच्यातून कॅलेंडर वाचलं. तुम्ही मला दारात सूनबाई समजलात. त्यांना लांबून दिसलेली रेघ तुम्हाला नाकासमोर दिसली नाही. कप ठेवायच्या आधी तुम्ही टेबल चाचपता. मी आज तुम्हाला समोरची पाटी वाचायला लावणार होते." त्या थांबल्या. "नाही लावत."

आबांनी हातमोजे एकात एक घातले, मग पुन्हा काढले.

"मला खरंच वाटलं होतं की काच धुरकट झालीये," ते म्हणाले. "नवी आली की स्वच्छ दिसेल. पहिली बसवताना हा मिस्त्री बाहेरून दाबत होता, हाताच्या अंतरावर. आणि मला त्याचं तोंड दिसेना. नवीकोरी काच, आणि तोच धूर. दोरी संपत आली होती. वाटी शेजारीच होती."

"आणि नंतरच्या दोन?" मिस्त्रीने विचारलं.

"एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं."

"डॉक्टरकडे गेलो असतो ना, आबा," सूनबाई वैतागून म्हणाल्या. डोळे भरले होते तरी वैताग आधी बाहेर पडला. "साधा मोतीबिंदूसुद्धा असेल. वर्षभर तुम्ही डॉक्टरला विचारलंतसुद्धा नाही?"

"विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं."

"तुम्ही तुमचे डोळे लपवलेत, तो तुमचा प्रश्न," वहिनी म्हणाल्या. आवाज चढू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ते जमलं नाही. "त्यासाठी ह्यांचा हात कशाला पुढे केलात? घरी हे पाणी पीत नाहीत हो. पेला धरून बसतात."

आबांनी आवाजाच्या अंदाजाने दाराकडे तोंड केलं. "भाऊ, तुम्ही आहात का इथे?"

"आहे," नवरा म्हणाला.

"तुमचा हात चांगला आहे. बोटांना कळतं मला. तुमच्या काचेची कड कुठेच टोचत नाही. मी खोटं बोललो."

नवरा गाडीपाशी गेला, मिस्त्रीबरोबर तडकलेली काच बाहेर काढली आणि रबर सोलून चारही कडांवरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा एकदा, उलट्या बाजूने.

"दुसरी कापतो," शेवटी तो म्हणाला. "पण दोरी मी ओढणार. तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसा. आणि आधी डोळे दाखवा. नाहीतर मी काच देणार नाही."

"चालवणार कोण पण?" मिस्त्रीने विचारलं.

सूनबाईंनी नाक पुसलं, स्टिअरिंगवर एक हात ठेवला आणि क्लच कुठला ते विचारलं.

परतताना नवरा पुढे, वहिनी मागे.

"काल रात्रीच सांगायचंस मला."

"तुम्ही विश्वास ठेवला असतात?"

"नाही."

"मग?"

"तरी सांगायचं." तो रागावलेलाच होता, आणि कोणावर ते त्यालाही ठरवता येत नव्हतं. वहिनींना त्याचं फार नवल वाटलं नाही.

दुकानात शिरल्यावर तो काउंटरपाशी थांबला नाही. आत जाऊन नवी काच टेबलावर घेतली, पुसली, साचा ठेवला, पुन्हा पुसली. मग मान वर न करता म्हणाला, "टेबलाला धक्का देऊ नकोस."

वहिनी टेबलापासून चांगल्या चार हात लांब उभ्या होत्या. त्या आणखी एक पाऊल मागे सरकल्या.