मंगळवारचं गिऱ्हाईक

विमा कंपनीत दावे तपासता तपासता भाचीच्या केसांत पांढरं डोकावू लागलं होतं. भिजलेल्या गालिच्याच्या फोटोत कोपऱ्यात कोरड्या चपला दिसल्या, की ती मनातल्या मनात फुली मारून मोकळी होई. त्यामुळे मामांचं काय करायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा तिनं रडारड केली नाही. तिनं एक वही आणली.

वही सुचवली वकीलबाईंनी. "तुम्हाला त्यांचे कायदेशीर पालक व्हायचंय. म्हणजे उद्यापासून घर, दुकान, बँक, कशावरही त्यांची सही चालणार नाही, तुमची चालेल. असं कुणी उगाच देत नाही. तीन महिने लिहून काढा. तारीख, वेळ, काय घडलं ते. आणि फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. शेजाऱ्यांच्या कंड्या नकोत."

मामा शिंपी. कोट शिवता शिवता लग्न करायचं राहून गेलं, आणि आता ब्याऐंशी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: एक टेबल, एक उभा आरसा, खडू आणि दमट लोकरीचा वास. फार पूर्वी एका गिऱ्हाईकानं 'एवढी बाही मी सांगितलीच नव्हती' म्हणून भर रस्त्यात तमाशा केला होता. तेव्हापासून मापाखाली गिऱ्हाईकाची सही झाल्याशिवाय मामा कापडाला कात्री लावत नसत. लहानपणी सुट्टीत आली, की मामांनी माप सांगायचं आणि भाचीनं लिहायचं, हे ठरलेलं.

तीन महिन्यांत वहीत जमलं ते असं. गॅस चालू राहिला, एकदा. (भाचीच्या स्वतःच्या घरी दोनदा; पण ते इथं लिहायचं कारण नव्हतं.) तिला तिच्या आईच्या नावानं हाक मारली, एकदा. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधला. हे तर वकीलबाईही करत.

वजनदार नोंद एकच होती, आणि ती ऐकीव. दर मंगळवारी चार वाजता मामा कुणाचं तरी माप घेत. समोरच्या घरातली बाई सांगे, "खिडकीतून दिसतं ना. समोर कुणी नसतंच हो!"

"एवढं एक पुरे," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "पण तुम्ही पाहा."

म्हणून त्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाची साडेतीनलाच येऊन बसली.

"आज कचेरीला दांडी?" मामा काजाचे टाके घालत होते. हात थरथरत नव्हता. "तपासणीला आलीस वाटतं."

"चहाला आले."

"वही घेऊन?"

तिनं वही मांडीखाली सरकवली. मामा हसले.

"मला कळतं गं. सही काढून घेणार माझी. घे बापडे. एवढा एक कोट होऊ दे, मग घे."

तिनं कप खाली ठेवला.

चार वाजता मामा उठले, कॉलर नीट केली आणि दार उघडलं. बाहेर रिकामा रस्ता आणि ऊन. "या," ते म्हणाले. एक माणूस आत येईल एवढा वेळ थांबले आणि दार लावलं.

"माझी वही संपलीय," ते तिला म्हणाले. "तुझ्यात लिही."

हात जुन्या सवयीनं चालू लागला. नजर तिनं कागदावरून हलू दिली नाही.

"खांदा सतरा. बाही पंचवीस. छाती एक्केचाळीस."

खडू पडल्याचा आवाज झाला. मामा तो उचलायला दोन्ही हात टेकून वाकले.

तिनं वर पाहिलं.

टेप हवेत होती. गोल. मामांच्या छातीच्या उंचीवर.

मामा उठले, टेपची टोकं धरली. "श्वास सोडा," ते म्हणाले.

वर्तुळ हळूच आकसलं.

"साडेचाळीस. आधीचं खोड."

तिनं खोडलं.

मग मामांनी वही तिच्या पुढ्यातून घेतली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला फिरवून ठेवली, शाईचं पेन उघडून शेजारी ठेवलं. "इथं."

भाची खिडकीबाहेर पाहत राहिली. पेनाचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं मामांनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि दार उघडलं.

"ट्रायल पुढच्या मंगळवारी," ते दाराशी म्हणाले. दार लावून वळले. "लिहिणारी कोण, विचारत होते. भाची म्हटलं."

वही पिशवीत गेली. रात्रभर ती पिशवी तिनं उघडली नाही.

सकाळी वकीलबाईंनी अर्ज पुढं सरकवला. "पाहिलंत?"

"पाहिलं."

"कुणी नव्हतं ना? तेच शपथेवर लिहायचंय."

बावीस वर्षं तिनं लोकांच्या कागदांवर खरं किंवा खोटं एवढंच लिहिलं होतं. आता दोन्हींतलं एकही हाताला येईना.

"मामा ठीक आहेत," ती म्हणाली. "अर्ज नको. त्यांची सही त्यांच्याकडेच राहू दे."

वकीलबाईंनी सुस्कारा टाकला. "बरं. वही तरी द्या, फाइलला लावते." त्यांनी पानं उलटली. "हे काय, कोटाचं माप? अक्षर तुमचंच दिसतंय. पण खाली ही सही कुणाची?"

भाची पाहायला वाकली नाही.

वकीलबाईंनी सहीवरून अंगठा फिरवला, मग अंगठ्याकडे पाहिलं आणि रुमाल शोधू लागल्या.

"आत्ताच केलीय का कुणी?" त्या म्हणाल्या. "ओली आहे अजून."