न लावलेला कौल

“उजवीकडची पाकळी जरा कमी ओली लावा... एवढंच करायचंय तुम्हाला.”

इंद्रायणीनं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की गाभाऱ्याची पायरी पुसणारा तो तरुण फडकं हातात तसंच धरून तिच्याकडे बघत राहिला. ती आली होती सोपानराव गुरवांना गाठायला. पण ते आठवडाभरासाठी लेकीकडे गेले होते, आणि देवळात होता त्यांचा मुलगा निरंजन. अंगात जीन्स, कपाळाला गुलाल, खिशातून डोकावणारं कंपनीचं ओळखपत्र.

“कमी ओली पाकळी आधी सुटते,” ती म्हणाली. “साधं विज्ञान आहे.”

“ठाऊक आहे.” तो हसला. “पण उत्तर तुम्हीच ठरवून आलात, मग देवाला कशाला त्रास?”

“कारण आबा माझं ऐकत नाहीत. त्याचं ऐकतात.”

तिच्या वडिलांची, मारुतरावांची, बायपास करावी लागणार होती आणि उशीर नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मारुतराव मात्र अडून बसले होते. पेरणी असो, की शेत मोडून तिथं वर्कशॉपचे गाळे बांधणं असो, भैरवनाथाच्या दोन्ही खांद्यांना पाकळ्या चिकटवून कौल घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. येत्या रविवारी ते कौल लावणार होते. डावा पडला, तर दवाखान्यात पाऊल टाकणार नव्हते.

निरंजननं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, “मी तळवड्यात एका लॅबमध्ये आहे. कारखान्यांचे वजनकाटे तपासतो. दिवसभर हेच बघतो, की कुणी काट्याला बोट तर लावलेलं नाही ना... आणि इथं येऊन मीच लावू?”

“तुमच्या खरेपणापायी माझे आबा गेले, तर?”

त्याचा चेहरा एकदम उतरला. इंद्रायणी ताडताड पायऱ्या उतरली, स्कूटीला किल्ली लावली... आणि स्वतःवरच चिडली. इतक्या रागात त्याचे डोळे सुंदर आहेत हे लक्षात येण्याची काय गरज होती?

रविवारी सकाळी हवेत गारवा होता. कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बाजूच्या गाळ्यांत लेथ सुरू होते. कापलेल्या लोखंडाचा वास आणि झेंडूचा वास एकमेकांत मिसळले होते. मारुतराव परीटघडीचं धोतर नेसून, छातीवर हात ठेवत, सावकाश पायऱ्या चढले. इंद्रायणी त्यांच्या मागे उभी राहिली. निरंजननं एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे तांबारले होते. झोपला नसावा.

त्यानं तांब्यात पाकळ्या भिजवल्या, पण लावल्या नाहीत.

“काका, देवाला नेमकं काय विचारायचं?”

“आपरेशन करू का नको, ह्येच की.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“करायलाच पायजे म्हन्ले.”

“आणि तुम्हाला काय वाटतं, ते खोटं बोलतात?”

“न्हाई. मानूस चांगला हाय.”

“मग हे उत्तर तर तुमच्याकडे आहे, काका. ज्याचं उत्तर मिळालंय ते देवाला पुन्हा विचारायचं... की जे कुणालाच सांगितलेलं नाही, ते सांगायचं?”

शेजारच्या गाळ्यातला लेथ थांबला. आणि मग, ज्या माणसाला इंद्रायणीनं कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, तो माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला,

“भ्या वाटतंय रं पोरा... झोपवत्याल, अन् जाग आलीच न्हाई तर?”

चाकणच्या कंपनीत ती ब्रेकच्या चाचण्या करायची; आकड्यांवर तिचा जीव. आबांना तिनं रिपोर्ट समजावले होते, टक्केवारी सांगितली होती, मोबाइलवर बायपासचा व्हिडिओसुद्धा दाखवला होता. आबा, भीती वाटते का — एवढं मात्र विचारलं नव्हतं.

“हे त्याला सांगा,” निरंजन म्हणाला आणि बाजूला झाला.

मारुतरावांनी देवाच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ते पुटपुटत होते. उठले तेव्हा त्यांनी लेकीचा हात धरला. “इंदू, उद्या जाऊ दवाखान्यात. तू आत येशील न्हवं दारापत्तुर?”

तिनं मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी निरंजन न बोलावता आला. चिंचवडच्या हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरच्या दारासमोरच्या खुर्च्यांवर दोघं बसले. मध्ये एक रिकामी खुर्ची. इंद्रायणीला राहवलं नाही.

“तुम्हीही काट्याला बोट लावलंच की त्या दिवशी.”

“लावलं,” तो म्हणाला. “पण लपून नाही... समोरून.”

“आणि कौल लावला असता नि डावा पडला असता, तर?”

तो स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाला, “म्हणूनच लावला नाही. मलाही भीती वाटली.”

देव मानणारा माणूस हे कबूल करेल असं तिला वाटलं नव्हतं. ती उठली आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसली. तो डोळे मिटून ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत होता.

“ऐका ना...” ती म्हणाली. “मला काही पटत नाही त्यातलं. पण जरा मोठ्यानं म्हणाल? तुमचा आवाज ऐकला की... बरं वाटतं.”

तो मोठ्यानं म्हणू लागला. ती समोरच्या बंद दाराकडे बघत, त्याच्या आवाजाला टेकून बसून राहिली. दार उघडलं तेव्हा डॉक्टर मास्क काढून हसत होते, आणि निरंजनची बाही तिच्या मुठीत चुरगळली होती. कधी धरली, तिलाही ठाऊक नव्हतं.

मारुतराव घरी आले, अंगणात चालू लागले. निरंजन त्यांना बघायला येई; बघून झालं तरी रेंगाळे. एका संध्याकाळी ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या खोळंबल्या होत्या, त्यांच्या दिव्यांचा उजेड त्याच्या गालावरून सरकत होता.

“एक सांगू? रागवायचं नाही,” ती म्हणाली. “मी बदलणार नाहीये. उद्या काही... म्हणजे, पुढे कधी काही ठरलं, तरी मी देवापुढे हात जोडणार नाही.”

“मी कुठं सांगितलं जोड म्हणून?”

‘जोड’. पहिल्यांदाच एकेरी. दोघांच्याही लक्षात आलं, दोघांनीही ते जाऊ दिलं.

“घरी सांगणं सोपं नसेल,” तो म्हणाला. “तुझ्याही... माझ्याही.”

“आबांशी मी बोलेन. आता नीट बोलता येतं मला त्यांच्याशी.” मग तिनं मान वर केली. “आणि देवळात येईन हं मी. रोज.”

“हात न जोडता? मग काय करशील तिथं?”

“तुला बघत बसेन.”

निरंजननं गाडी सुरू केली, मग बंद केली. कानापर्यंत लाल झाला होता.

“मग माझी पूजा चुकणार,” तो म्हणाला.

“चुकू दे,” ती म्हणाली, आणि त्याच्या हँडलवरच्या हातावर तिनं आपला हात ठेवला.