पाण्यावर न घ्यायची नावं

ओरसे बेटावर धुकं उतरलं की मोराग मॅकअस्किल होड्यांशी बोलायचा रेडिओ लावून विणायला बसायची, कारण मुलगा कॅलम समुद्रावर असायचा. आज सुया हातातच राहिल्या होत्या. कॅलमच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं आणि भरतीचं पाणी त्याला खडकाकडे ढकलत होतं.

"मी बोटखपाशी आहे," रेडिओवर त्याचा आवाज आला.

शेजारी बसलेल्या केतकी पाध्येने सुटकेचा निःश्वास टाकला. सूर्यावरच्या वादळांनी उपग्रहांचं दिशादर्शन बेभरवशाचं केल्यापासून बिनखलाशी बचावनौका जागांच्या नावांवर चालत. माणसाने नाव उच्चारलं की नौका ते नकाशात शोधून निघायची. म्हणून तर केतकी गेलिक भाषेतली नावं, त्यांचे अर्थ आणि लेखन नोंदवायला इथे आली होती. पानाच्या डब्याएवढं तिचं 'नामग्राहक' यंत्र मोरागच्या तोंडून चारशे नावं शिकलं होतं.

यंत्राच्या पडद्यावर बचावनौकेचा निळा ठिपका उत्तरेकडे निघाला.

"तिकडे कुठे?" मोराग ताडकन उठली. "कॅलम दक्षिणेला गेलाय, खेकडे धरायला."

"नकाशात बोटख उत्तरेलाच आहे. तुम्हीच सांगितलंत, त्या दिवशी होडीतून फिरताना."

"होडीत!" मोराग मटकन खाली बसली. "अगं पोरी, पाण्यावर असताना घातकी खडकाचं खरं नाव कोणी घेतं का? तिथे आम्ही सगळ्यांनाच बोटख म्हणतो, म्हातारा. असे अकरा आहेत. मी अकराही वेळा तेच सांगितलं."

केतकीने यंत्रातल्या नोंदी उघडल्या. त्या दिवशी बोट लागल्यामुळे ती डोकं धरून बसली होती. शहाण्या यंत्राने पुनरुक्ती समजून दहा नोंदी गाळल्या आणि तिने डोळे झाकून मंजुरी दिली. तिची आई रात्री सापाला 'लांबडं' म्हणायची. निदान केतकीला तरी हे कळायला हवं होतं.

"कॅलमला खरं नाव विचारूया?"

"मेला तरी घेणार नाही. त्याच्या बापाच्या होडीवर एकाने घेतलं होतं. ती होडी परत आलीच नाही." मोरागने रेडिओ ओढला. "कॅलम, दक्षिणेच्या सहा खडकांची नावं मी जमिनीवरून घेते. तुझं आलं की नुसतं हो म्हण."

"आई, नको! तुझा आवाज इथे पाण्यावर येतोय."

"गप्प बस आणि ऐक."

ती एकेक नाव घेऊ लागली. तीन नावं झाली. चौथं आलं, "स्केर नम् बान. बायकांचा खडक. समोरच्या कड्यावरून बायका बुडालेल्यांना हाका मारायच्या."

पलीकडून, लाटांच्या आवाजातून, अगदी हळू, "हो."

मोरागने पडद्यावर जागा दाखवली, केतकीने नाव चढवलं आणि ठिपका वळला. सव्वीस मिनिटं दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या.

"नौकेवर चढलो," कॅलम म्हणाला. "होडी गेली."

मोराग ढसाढसा रडली. तेवढ्यात त्याच्या आवाजामागून दुसरा आवाज आला. नियमाप्रमाणे नौका भोंग्यावरून ठिकाण जाहीर करत होती, भर समुद्रात, स्वच्छ उच्चारात: "स्केर नम् बान. स्केर नम् बान."

मोरागचं रडणं थांबलं. तिने केतकीचा हात सोडला.

"माझा पोरगा अजून पाण्यावरच आहे," ती म्हणाली. "तुझ्या यंत्राला गप्प बसता येतं का गं?"