चारीनच्या कड्यावरची पिल्लं

“ती उगाच ओरडत नाहीये!” म्हणत झानिया ताडकन उठली. हातातला तळलेल्या कणकेचा बाउरसाक चहाच्या वाटीत पडला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

चारीनच्या दरीत, नदीकाठी, शाळेचा तळ पडला होता. वर तांबड्या कड्यापाशी ससाण्याची मादी सकाळपासून किंचाळत घिरट्या घालत होती.

“तुला कोणी डिवचलं की तूही अशीच ओरडतेस,” साकेन म्हणाला. “तेव्हा आम्ही तपास करतो का?”

“गप रे! काल त्या कपारीत पिल्लं होती. आज एक तरी डोकं दिसतंय का?”

मोल्दिरने दुर्बीण डोळ्यांना लावली. “नाही गं! कपार पार रिकामी आहे!”

तिघं धावत वनरक्षकाच्या चौकीवर गेली. जुमाबेककाका खुर्चीत पाय पसरून सूर्यफुलाच्या बिया फोडत होते.

“पक्षी ओरडायचेच, आणि पोरं भुणभुणायचीच,” ते म्हणाले. “पळा, खेळा जा!”

परतताना मोल्दिर एकदम थबकली. तळाची गाडी झाडाखाली उभी होती आणि गाडीखाली मांसाची थंड पेटी.

“मांसाच्या पेटीला भोकं कशाला पाडलीत?”

साकेनने झाकण उचललं. आत एका करड्या स्वेटरात पांढऱ्या पिसांची चार पिल्लं! तीन पिल्लांनी चोची उघडल्या. चौथ्याची मान लुळी पडली होती.

“हे त्या विक्टर ड्रायव्हरचंच काम!” साकेन दात खात म्हणाला. “सकाळी गाडीजवळ गेलो तर अंगावर आला माझ्या!”

झानियाने स्वेटरची कड चाचपली. तो स्वेटर तिने ओळखला होता. आईने विणला होता, कुआतदादासाठी.

कुआत तिचा थोरला भाऊ, या तळाचा वाटाड्या. वडील गेल्यावर झानियाला पोहायला, कडा चढायला, दोराच्या गाठी मारायला त्यानेच शिकवलं होतं. त्या कपारीपर्यंत उतरू शकेल असा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता.

“झानी, काय करायचं?” मोल्दिरने विचारलं.

झानियाने पेटी बाहेर ओढली. “कढई आण. पिल्लं तिच्यात ठेवू, पेटीत धोंडे भरू. साकेन, काकांना घेऊन ये.”

“ते खुर्चीतून हलायचे नाहीत!”

“मग त्यांची टोपी पळव. आपोआप येतील मागे!”

साकेन सुसाट सुटला. कढईवर फडकं पडतंय न पडतंय तोच कुआत आला.

“काय चाललंय, झानी?”

“काही नाही, दादा.”

“वर पाहुणे थांबलेत. त्यांना मांस द्यायचंय.” त्याने पेटी उचलली आणि तिथेच थांबला. झाकण उघडून त्याने धोंड्यांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

“पिल्लं दे.”

“नाही.”

“झानी, वेळ नाहीये! अगं, कुणासाठी विकतोय मी ती? अल्माटीच्या शाळेत तुला कोण धाडणार, तो ससाणा?”

“एक मेलं, दादा,” झानिया म्हणाली. तिचा आवाज फाटला. “तुझ्या स्वेटरात मेलं.”

तेवढ्यात धापा टाकत जुमाबेककाका आले. “कुठेय ते कार्टं? माझी टो—” मोल्दिरने कढईवरचं फडकं बाजूला केलं होतं. वरच्या रस्त्यावरून पाहुण्यांची पांढरी गाडी धुरळा उडवत पळाली.

पिल्लं घरट्यात ठेवायची तर वेळ घालवून चालणार नव्हतं. काकांनी कड्याकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे.

“काढलीस तू,” ते कुआतला म्हणाले, “आता ठेवायचीही तूच!”

कुआतने तिन्ही पिल्लं सदऱ्यात घेतली. काकांनी आणि विक्टरने दोर धरला. कड्याच्या टोकाशी पालथी पडून झानिया त्यांना इशारे देत होती.

“झटका देऊ नका म्हणावं,” तो खालून म्हणाला. तिच्याशी तेवढंच बोलला. मादीने झेप घेऊन त्याच्या कपाळावर नखं मारली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी त्याने पिल्लं एकेक करून कपारीत ठेवली. वर आला तेव्हा झानियाने रुमाल पुढे केला. त्याने बाहीनेच रक्त पुसलं आणि काकांच्या गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळच्या आत मादी घरट्यात उतरली. “आली! आली!” मोल्दिर आणि साकेन नाचले. झानियाही हसली, पण लगेच तोंड फिरवून नदीकडे गेली.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी तिघांना व्यासपीठावर बोलावलं. जुमाबेककाकांनी स्वतःच्या दक्षतेवर भाषण ठोकलं आणि तिघांच्या पाठी थोपटल्या. “अशी मुलं आहेत म्हणून आपली दरी सुरक्षित आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“सर, माझा दादा कधी सुटेल?” झानियाने हळूच विचारलं.

सर खाकरले आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागले.

घरी आई कणीक मळत होती. तिने वर पाहिलं नाही.

“बरोबर केलंस तू,” ती म्हणाली. “कुणीही विचारलं तरी मी हेच सांगेन.”

झानिया जवळ जाऊन बसायला वाकली.

“पण आज माझ्याजवळ बसू नकोस, बाळा,” आई म्हणाली आणि कणीक मळत राहिली.