मेण लावलेली बारा अंडी

१९४४चा श्रावण, संध्याकाळचे सहा. कापूरहोळच्या फाट्यामागं अन्वरीचं खोपट. कोपऱ्यातल्या पाटीत खुडूक कोंबडी बसलेली आणि दारात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले डॉक्टर आनंदराव घाम पुसत उभे.

लढाईपायी रॉकेल मिळेना, उबवणीचं यंत्र बंद पडलं. म्हणून साहेबांनी बारा दिवसांमागं बारा अंडी अन्वरीच्या कोंबडीखाली ठेवली होती. प्रत्येकाला बारीक भोक, त्यावर मेण, शेजारी शाईचा आकडा. आत काय टोचलंय, हे सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. गरिबाला काय सांगायचं!

"तीन वांझ निघाली, सायेब," अन्वरी म्हणाली. "सातव्या दिशी दिव्यापुढं धरली, तर आरपार उजेड. मग काय, फेकू व्हय? उकडून खुर्शिदाला घातली. आठवा महिना हाय माज्या लेकीला."

वांझ अंडं वाया घालवायचं नाही, हा साऱ्या मुलखाचा रिवाज. डॉक्टरांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

"बाई... त्यात औषध होतं. शिपायांना रात्र रात्र जागं ठेवणारं. त्यानं पिलाचं यकृत कसं वाढतं, ते पाहत होतो."

"येकृत म्हंजी?"

"कलेजी."

अन्वरी मटकन खाली बसली. "आदी सांगाया काय झालं व्हतं? सोताच्या लेकीच्या घरात ठिवली असती का अशी, न सांगता?... आता माज्या नातवंडाची कलेजी..."

खोपटात अंधार दाटत होता. ओल्या पेंढ्याचा, पिसांचा वास. एरवी हाताला चोच मारणारी कोंबडी आपणहून उठली आणि भिंतीला जाऊन चिकटली. डॉक्टरांनी पाटीत बॅटरी मारली. एक... दोन... तीन...

"बारा आहेत, बाई! सगळी मेणाची, आकडे माझ्या हातचे. तुम्ही घरचीच अंडी उकडलीत."

"न्हाई... म्या माज्या हातानं काडली..."

"मोजा तर!"

तिनं चाचपून मोजली. बारा. त्यातली तीन, कोंबडीखालची असून, विहिरीतून काढल्यागत गार. पण त्या क्षणी तिला रडू फुटलं ते आनंदानं.

आश्विनात खुर्शिदाला मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत आवाजाची. सुईण धोंडाबाईनं उजेडात उलटीपालटी करून पाहिली. पिवळेपणाचा मागमूस नाही. अन्वरीनं गल्लीभर साखर वाटली.

पुण्यात तोवर अंडी फोडून झाली होती. नऊ पिलांचं यकृत खुजं, पांढुरकं. चार, सात आणि अकरा या आकड्यांच्या अंड्यांत मात्र पिलं धडधाकट, यकृत निरोगी.

खुर्शिदानं खाल्लेल्या अंड्यांची टरफलं अन्वरीनं उकिरड्यातून शोधून काढली. तिन्हींवर मेण आहे. शाई डॉक्टरांच्याच हातची. चार, सात, अकरा. टरफलं प्रयोगशाळेत पोचती करून दोन महिने झाले; उत्तर नाही.